येतो आणि आलो

मी एडिटरचं नाव काढलं की आमच्याकडच्या लोकांना अजून पेपरातला संपादकच आठवतो. माझी एक मावशी तर बरीच वर्षं नात्यात सांगत होती की हिचं एका एडिटरशी काहीतरी आहे. ते अगदीच खोटं नव्हतं, पण मावशी समजत होती तसंही नव्हतं. आमचा एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा, वाचायचा आणि बदलायचा प्रोग्राम. सुताराला रंधा तसा आम्हाला तो. माझ्या त्या एडिटरमध्ये दोन आज्ञा अशा आहेत की दुसऱ्या कुणाकडे त्या असतील असं मला वाटत नाही. एकीचं नाव येतो, दुसरीचं आलो. हल्ली माझ्याबरोबर काम करणारी मुलं ती नावं बघून हसतात आणि विचारतात, मॅडम, हे काय? मी म्हणते, जुनं आहे, हात लावू नका.

नव्वदनंतरची मधली वर्षं होती. बाबा गेल्यावर आम्ही गिरगावातली खोली विकून मीरा रोडला आलो होतो, आई आणि मी. आईला तिथलं काहीच आवडत नव्हतं. पाणी टँकरचं, शेजारी पाच भाषा बोलणारे आणि मासे विकायला येणारीही हिच्याशी हिंदीतच सुरुवात करायची. मला मात्र घराजवळ नोकरी मिळाली होती आणि त्या आनंदात मी टँकरसुद्धा सोसत होते.

ऑफिस कसलं, भाईंदर पश्चिमेला एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरचा वन रूम किचन. मालकाला आम्ही शेठ म्हणायचो. त्याचा मूळ धंदा स्टीलच्या भांड्यांचा. खाली गाळ्यात दिवसभर पातेल्यांना पॉलिश व्हायचं आणि त्याचा किरकिराट वर आमच्या दातांत शिरायचा. शेठचा भाचा अमेरिकेत होता. तिकडच्या कंपन्यांचे जुने प्रोग्राम वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत, त्यामुळे दोन हजार साल उजाडलं की ते शंभर वर्षं मागे जातील अशी सगळ्यांना भीती होती. ते शोधून दुरुस्त करायचं काम भाचा मामाकडे पाठवायचा. मामाने त्यासाठी दोन माणसं ठेवली होती. एक मी आणि एक तो.

तो तारोडीचा. उत्तनच्या बसने यायचा. घरचे कॅथलिक, आजोबांपर्यंत सगळे समुद्रावर, वडील कुठल्याशा कारखान्यात. आमच्याशी तो आमच्यासारखंच बोलायचा, पण घरून फोन आला की त्याचा सूर बदलायचा. हाय, न्हाय, हाय, असं चालायचं. मी मान खाली घालून ऐकायचे. मला तो आवाज फार आवडायचा. तो माणूसच आवडायचा, आता आडपडदा कशाला ठेवू?

शेठने नरीमन पॉइंटच्या कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसातून एक जुनं मशीन उचलून आणलं होतं. त्याला दोन स्क्रीन होते. एक रंगीत, एक काळापांढरा. कीबोर्ड एकच, त्याची वायर लांब. शेठला वाटलं होतं, आता दुप्पट काम होणार. रोज सकाळी तो दारातून विचारायचा, ‘बे स्क्रीन छे, तो काम पण डबल थवुं जोईए ने?’ आम्ही दोघं एका सुरात हो म्हणायचो आणि तो गेला की एकमेकांकडे बघायचो. कारण काम दुप्पट सोडाच, निम्मं होत होतं.

झालं असं होतं की तो प्रोग्राम दुरुस्त करायचा आणि मी त्याच्या दुरुस्त्या तपासायचे. रंगीत स्क्रीन त्याच्यासमोर, काळापांढरा माझ्यासमोर. मी पहिल्याच दिवशी भांडले होते, रंगीत तुलाच का म्हणून? तो म्हणाला, ‘तुला चुका शोधायच्यात. चुकांना रंग नसतो.’ पण त्या मशीनवर जी फाइल उघडू ती त्याच्याच स्क्रीनवर उघडायची. माझ्याकडे दाखवायची तर माउस घ्या, मेनू उघडा, स्क्रीनचं नाव टाइप करा, आणि इतकं करून ती उघडायची ती आधीच्या सहा खिडक्यांच्या खाली. शेवटी मी खुर्ची सरकवून त्याच्या खांद्यावरून वाचायचे आणि संध्याकाळी मान धरायची. आई रोज मानेला तेल चोळताना विचारायची, ‘ऑफिसात वारा तरी येतो का गं? खिडकी आहे ना?’ मी म्हणायचे, आहेत की, तीस-चाळीस.

खरी खिडकीही होती. माझ्या स्क्रीनच्या बाजूला बाल्कनी आणि तिच्यातून मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात पांढरे ढीग, मधून बांधांवरून चालणारी माणसं, पलीकडे खाडीचा पट्टा. तो म्हणायचा, रंगीत स्क्रीन मी घेतला, पण रंगीत खिडकी तुला दिली, आता गप्प बस.

त्याने एडिटरला शिकवायचं ठरवलं. तो एडिटर असा होता की त्याला आतून बदलता यायचं. सकाळी सुरू होताना तो एक फाइल वाचायचा आणि तिच्यात तुम्ही जे लिहून ठेवाल ते शिकायचा. त्याच्या भाषेत कंसांचा नुसता सुळसुळाट. एक कंस बंद करायचा राहिला तर तो रुसून बसायचा, सासरच्या पाहुण्यासारखा. आमच्या हिरोने जेवणाच्या सुट्टीत डाव्या हाताने चपाती आणि उजव्या हाताने कंस असं करत करत एक आज्ञा लिहिली. एक बटण दाबलं की त्याच्यासमोरची खिडकी माझ्या स्क्रीनवर जाणार.

खरं म्हणजे ती जात नव्हती. त्या मशीनमध्ये दोन स्क्रीनच्या मध्ये भिंतच होती, खिडकी उचलून पलीकडे नेता यायची नाही. म्हणून त्याने युक्ती केली. इकडची खिडकी बंद करायची आणि तीच फाइल दाखवणारी नवी खिडकी तिकडे उघडायची, कर्सर बरोबर त्याच ओळीवर ठेवून. बघणाऱ्याला वाटावं की गेली. ‘जात नाही कुठे,’ तो मला समजावत होता, ‘मजकूर आहे तिथेच आहे. आपण फक्त दुसऱ्या बाजूने बघतो.’

पहिल्यांदा त्याने बटण दाबलं तेव्हा शेठसुद्धा उभा होता. इकडची खिडकी गेली. माझ्या स्क्रीनवर काहीच आलं नाही. आम्ही तिघं माझ्या रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिलो, आणि तेवढ्यात लाइट गेली. शेठचा यूपीएस नावालाच होता, त्याने एकदा चीं केलं आणि मान टाकली. सकाळपासूनच्या दुरुस्त्या आमच्या हिरोने सेव्ह केल्या नव्हत्या. सगळ्या गेल्या. शेठ खाली पातेल्यांकडे निघून गेला.

लाइट आल्यावर त्याने पुन्हा मशीन चालू केलं आणि मी त्याची आज्ञा वाचायला घेतली. चुका शोधणं माझं काम. दोन चुका होत्या. एक म्हणजे त्याने आधी इकडची खिडकी बंद केली होती आणि मग तिकडची उघडायला घेतली होती. एकदा ती मिटली की कुठली फाइल, कुठली ओळ हे सांगायला काही उरतच नव्हतं, म्हणून दोन्हीकडून गेली. आधी तिकडे उघड, मग इकडची मिट, हे मी त्याला सांगितलं आणि त्याने मुकाट्याने बदललं. दुसरी चूक आज्ञेच्या नावात होती. इंग्रजी अक्षरांत त्याने लिहिलं होतं, जातो.

‘हे काय नाव आहे?’ मी म्हटलं.

‘खिडकी जाते. म्हणून जातो.’

‘मग जाते तरी लिही. खिडकी ती.’

‘आज्ञा मी लिहिली. मी जातो.’

‘जातो म्हणायचं नाही,’ मी म्हटलं. ‘येतो म्हणायचं. म्हणूनच तुझी फाइल गेली.’

आमच्या घरी हा नियम कडक होता. घराबाहेर पडणाऱ्याने येतो म्हणायचं, जातो म्हटलं की आई हाताला धरून परत आत घ्यायची, पाटावर बसवायची, पाणी द्यायची आणि मग पुन्हा निघायला लावायची. शाळेची घंटा झाली तरी चालेल. बाबा तर कधी चुकूनही जातो म्हणाले नाहीत. शेवटच्या दिवशी ऑफिसला निघतानाही ते येतो म्हणूनच निघाले होते आणि ऑफिसातूनच त्यांना हॉस्पिटलात नेलं. याची मी आईला कधी आठवण करून दिली नाही. तिने नियम सोडला नाही आणि मीही नाही.

हा मात्र रोज संध्याकाळी पिशवी खांद्याला लावून म्हणायचा, ‘चल, जातो.’ मी म्हणायचे, येतो म्हण. तो म्हणायचा, ‘बसला जातोय तर जातोच म्हणणार ना? उत्तनच्या बसला येतो म्हटलं तर ती थांबून राहील काय?’ हे रोजचं. जिन्यात पोचला की खालून पुन्हा ओरडायचा, जातो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी येऊन बसलेला असायचा. एकही दिवस चुकला नाही.

तर त्याने हसत हसत जातो पुसलं आणि येतो लिहिलं. बटण दाबलं. खिडकी सुळकन माझ्या स्क्रीनवर आली, कर्सर त्याच ओळीवर. मी म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, ‘नाव बदललं म्हणून नाही, ओळी खालीवर केल्या म्हणून.’ मी म्हटलं, काहीही असो, आली ना?

आता खिडकी माझ्याकडे यायला लागली, पण तपासून झाली की परत त्याच्याकडे कशी जाणार? ती दुसरी आज्ञा मी लिहायची ठरवली. त्याची बघून बघून मला कंस जमायला लागले होते. एक दिवस तो शेठबरोबर बँकेत गेला होता, तेवढ्यात मी ती लिहिली, जोडून टाकली आणि त्याला चकित करायचं म्हणून गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं आणि सगळंच फिरलं. तो बटण दाबतोय, खिडकी हलत नाही. मी माझं बटण दाबतेय, माझ्याकडची तेवढी त्याच्याकडे जाते. थोड्या वेळात जगातल्या सगळ्या खिडक्या त्याच्या रंगीत स्क्रीनवर आणि माझा काळापांढरा नुसता काळा.

त्याने वायर तपासली. कंस मोजले. माझ्या स्क्रीनच्या डोक्यावर टपली मारली. मलाही दोन शब्द ऐकवले, तू काय खाडाखोड केलीस म्हणून. शेठ दोनदा डोकावून गेला. जेवणाचे डबे तसेच पडले. मग मी ती शिकवायची फाइल पहिल्या ओळीपासून तपासायला घेतली, जशी गिऱ्हाइकाची तपासते तशी, आणि मला हसू आवरेना.

परत यायच्या आज्ञेला मी नाव दिलं होतं, येतो. परत यायचं म्हणजे येतोच की, दुसरं काय लिहिणार? आणि जायच्या आज्ञेचं नाव तर आमच्या भांडणापासून येतोच होतं. एका नावाच्या दोन आज्ञा दिल्या की तो एडिटर तक्रार करत नाही, गुपचूप नंतरची धरतो आणि आधीची विसरतो. जायचं तो विसरून गेला होता. त्याला फक्त परत यायचं माहीत होतं.

त्याने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. ‘तुमच्या भाषेत जायला शब्दच नाही काय?’

‘तुमच्या काय? तुमच्यात होडीवर जाणारे काय म्हणतात? जातो?’

त्याने डबा पुढे ओढला. मग म्हणाला, ‘न्हाय. येतोच म्हणतात. माझी आई तर मारेल जातो म्हटलं तर.’

‘मग तू मला रोज जातो का म्हणतोस?’

‘तू चिडतेस म्हणून,’ तो म्हणाला आणि डबा उघडायला लागला.

बोलण्यासारखं खूप होतं, पण त्याच्या डब्यात सुके बोंबील होते आणि त्याने अर्धे माझ्या झाकणात काढले होते.

जेवल्यावर त्याने दोन्ही आज्ञांची नावं नीट लावली. जायचं ते येतो. परत यायचं ते आलो. माझ्याकडे यायचं तर येतो म्हणायचं, घरी परतलं की आलो. एवढं साधं होतं. त्या दिवसापासून ते मशीन असं काही चालायला लागलं की शेठचं डबल काम खरंच व्हायला लागलं. तो दुरुस्त करायचा, बटण दाबायचा, तोंडानेही म्हणायचा, येतो. खिडकी माझ्यापुढे. मी तपासायचे, बटण दाबायचे, म्हणायचे, आलो. खिडकी त्याच्यापुढे. कीबोर्ड मधे सरकत राहायचा. खालच्या पातेल्यांचा आवाजसुद्धा ऐकू येईनासा झाला. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. हे मी आज म्हणतेय असं नाही, मला तेव्हाही ते कळत होतं.

एकदा तो आमच्या घरी आला. त्याच्या आईने आमच्यासाठी बोंबील पाठवले होते, वर्तमानपत्रात बांधून. मासळीच्या बाबतीत माझ्या आईसमोर भले भले नापास झालेत. तिने एक बोंबील नाकाशी धरला, मोडून बघितला आणि काही नाव ठेवलं नाही. आईने नाव न ठेवणं म्हणजे शंभरपैकी शंभर. तो गेल्यावर ती म्हणाली, ‘मुलगा गुणी आहे, पण.’ मी पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही आलंच नाही. वाक्य तेवढंच होतं.

मग भाच्याचं बोलावणं आलं. काम चांगलं झालं होतं, त्याला तिकडे माणूस हवा होता, दोन वर्षांसाठी. हे मला त्याने तोंडाने सांगितलं नाही. शेठ खोलीत फोनवर बोलत बसला होता, कुणाला तरी झाकणाचं माप सांगत होता. याने येतोचं बटण दाबलं आणि माझ्या स्क्रीनवर एक नवी खिडकी आली. तिच्यात प्रोग्राम नव्हता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. भाचा बोलावतोय, दोन वर्षं, काय करू?

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. खाली लिहिलं, जाऊ नकोस. आलोचं बटण दाबलं.

त्याने वाचलं. कीबोर्ड ओढला. खिडकी परत माझ्याकडे आली. तू पण चल.

शेठ फोनवर म्हणत होता, नहीं नहीं, ढक्कन टाइट होना मंगता. मी बराच वेळ त्या तीन शब्दांकडे बघत होते. आईला एकटीला टँकरच्या रांगेत उभी बघितली मी तिथे त्या काळ्यापांढऱ्या स्क्रीनवर. मग मी लिहिलं, कोण म्हणून? आणि पाठवून दिलं.

ती खिडकी त्याच्या स्क्रीनवर राहिली. कर्सर माझ्या प्रश्नाच्या पुढे लुकलुकत होता. त्याने कीबोर्डवर बोटं ठेवली, उचलली. शेठने फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, शूं चाले छे? त्याने खिडकी मिटली आणि कामाची फाइल उघडली.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं, बाल्कनीत. लाइट गेली होती आणि शेठ खाली होता. मिठागरांवर भर टाकायला ट्रक यायला लागले होते, एका कोपऱ्यात पांढऱ्याच्या जागी लाल माती दिसत होती. तो तिकडे बघत म्हणाला, ‘मी घरी विचारलं. बायको म्हणून.’

मी कठडा धरून उभी राहिले.

‘आई म्हणाली, पोरगी चांगली हाय, पण.’

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी त्याला आमच्या घरचा पण सांगितला. तोही हसला. एका नावाच्या दोन आज्ञा असल्या तर एक तरी पुसली जाते. या दोन पणांचं तसं काही होईना. तो म्हणाला, ‘दोन वर्षं जाऊ दे. मी परत आलो की बघू. तोपर्यंत दोघी थकतील.’

‘जायलाच हवं का?’ मी विचारलं.

त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, ‘मला जायचंय. बघायचंय. आयुष्यभर उत्तनची बस नको गं.’ मी त्याला दोष कसा देणार? मीही गिरगाव सोडूनच आले होते. फक्त मला आता आणखी कुठे जायचं नव्हतं, कारण मला हवं ते सगळं त्या खोलीत होतं. तेही मी त्याला सांगितलं, जसंच्या तसं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मी येणार गं परत.’

शेवटच्या आठवड्यात तो माझ्यासाठी एडिटर नीट लावत बसला. मी एकटीने काम करणार म्हणून त्याने अशी सोय केली की सगळ्या खिडक्या आपोआप माझ्यासमोर उघडतील, रंगीत स्क्रीनवर, आणि काळापांढरा बंद ठेवला तरी चालेल. ‘आता येतो-आलोची गरज नाही,’ तो म्हणाला. ‘पाहिजे तर पुसून टाक.’ मी म्हटलं, तू तुझं बघ.

शेवटच्या संध्याकाळी मी त्याला स्टेशनबाहेर बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले. उत्तनची बस उभीच होती, कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन चढत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं. त्याने पिशवी खांद्याला लावली, रोजच्यासारखी. मी त्याच्या जातोची वाट बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तो ऐकायचा होता, कारण जातो म्हणून गेलेला तो दुसऱ्या सकाळी नेहमी खुर्चीत असायचा.

‘चल,’ तो म्हणाला. ‘येतो.’

मी त्याची पिशवी धरली.

‘जातो म्हण,’ मी म्हटलं.

‘वेडी आहेस काय? इतकी वर्षं भांडलीस आणि आज नीट बोललो तर…’

‘जातो म्हण. रोज म्हणतोस तसं. म्हण ना.’

तो हसला, मग त्याचं हसू गेलं. ‘नको,’ तो हळू म्हणाला. ‘लांब जातोय. आज येतोच म्हणू दे.’

कंडक्टरने घंटा मारली. तो चढला, आणि मुर्ध्याच्या दिशेने बस वळेपर्यंत त्याचा हात बाहेर होता.

पुढचं फार काही नाही. सुरुवातीला ईमेल यायचे, लांबलचक, कंससुद्धा नीट बंद केलेले. मग आखूड झाले. दोन हजार साल आलं आणि जगबुडी काही झाली नाही. शेठने मशीन भंगारात घातलं आणि सुखाने पातेल्यांकडे वळला. दोन वर्षांची जास्त झाली. पुढे कधीतरी कळलं की त्याने तिकडेच घर घेतलं आणि लग्न केलं. कुणाशी ते मी विचारलं नाही. मिठागराच्या त्या तुकड्यावर आता बिल्डिंगा आहेत, आणि माझ्या त्या बाल्कनीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसत असतील.

आई शेवटपर्यंत त्याच्याबद्दल काही बोलली नाही. एकदाच, बाजारातले बोंबील साफ करता करता म्हणाली, ‘त्या मुलाच्या घरचे चांगले होते.’ मी हो म्हटलं. ती बराच वेळ एकच बोंबील साफ करत होती.

आता माझ्यापुढे दोन मोठे चपटे स्क्रीन असतात, दोन्ही रंगीत. खिडकी नुसती ओढली तरी पलीकडे जाते, शाळकरी पोरालाही जमतं. पण ते जुनं मशीन भंगारात जायच्या आधी मी ती शिकवायची फाइल फ्लॉपीवर उतरवून घेतली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक मशीनवर ती आधी घालते. काम सुरू करताना मी येतो दाबते, खिडकी पलीकडे जाते. संध्याकाळी निघताना आलो दाबते, ती परत येते, त्याच ओळीवर. इतकी वर्षं झाली. येतो म्हणून गेलेली खिडकी परत आली नाही, असं एकदाही झालेलं नाही.